तिखाडीची डेग

॥ श्री ॥
मु. पुनर्वसन गावठाण, अड्याळजवळ
ता. २८ नोव्हेंबर २०२३

चि. रितास मामाचा पायी नमस्कार आणि डोक्यावर हात, दोन्ही एकदम.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की म्हाताऱ्या मामाने भाचीच्या पाया पडणं आता पुरे करा, हॉस्टेलच्या मुली पत्र वाचून हसतात. हसू दे. आपल्या झाडीपट्टीत भाची देवाच्या ठिकाणी असते. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा पाय धुऊन घ्यायला नको म्हणून कोठ्यात लपली होतीस, आठवते का?

कान गेल्यापासून फोनवर मला नुसता भुंगा ऐकू येतो. म्हणून पत्राचा हा खटाटोप. तुझी कुंता मामी म्हणते की फोन गेला ते बरंच झालं, निदान अक्षर तरी सुधारलं.

यंदाचं तिखाडीचं गवत फुलावर आलं तसं कापलं. दिवाळी झाल्यावर तेलाची भट्टी लावली, नऊ दिवस चालली. शेजारचा चंद्रकुमार आपल्या कामाने नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती तुझी बाटली पाठवली आहे. हे तिसरं वर्ष. तेल तुझ्या प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये घालून झालं की आकडा काय येतो ते मला कळव. दोन वर्षं तू नुसतं 'काम चालू आहे' एवढंच लिहितेस.

एवढी घाई कशाला म्हणशील. तुला माहीत आहे, जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा लोकांनी दारं-खिडक्या काढून आणल्या. मी माझ्या बापाची तेल गाळायची तांब्याची डेग आणली आणि टेकडीवरच्या तिखाडीचे बैलगाडीभर ठोंब उपटून आणले. इथल्या बरड जमिनीत लावले. लोकांनी वेड्यात काढलं. गवत तर जगलं. पण जुन्या गावचा आपला आनंदराव अधूनमधून म्हणतो की, तुलाराम, तुह्या तेलाले पयलेसारका वास नाही राहिला. मी हसून सोडून देतो, पण ते मनात राहतं. माझं नाक माझ्याच बाजूने बोलणार. मशीन काही कोणाची सोयरी नाही, म्हणून तिला विचारतो आहे.

जेवणाची हेळसांड करू नको. लोभ आहेच, तो बाटलीसारखा बूच लावून जप.

तुझा
तुलाराम मामा

---

नागपूर
ता. ९ जानेवारी २०२४

ती. मामांस,
रिताचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा उलटा नमस्कार मी वाचलाच नाही, असं धरून चालते.

मामा, बातमी मोठी आहे, म्हणून आधी मशीन समजावते. तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब आत टाकला की त्याची वाफ होते. ती केसासारख्या बारीक आणि तीस मीटर लांब नळीतून जाते. तेलात जे हलकं असेल ते आधी बाहेर पडतं, जड असेल ते मागून. प्रत्येक घटकाचं कागदावर एक टोक उमटतं. तुमच्या तेलात अशी एकोणतीस टोकं आली. आपण ज्याला तिखाडीचा वास म्हणतो, तो गुलाबासारखा, तो मुख्यतः जिरॅनिऑल नावाच्या घटकाचा. अत्तरवाले त्याच्यावरच तेलाची प्रत ठरवतात.

पुस्तकांत चांगल्या तिखाडीच्या तेलात तो शंभरात पंचाहत्तर ते पंच्याऐंशी सांगितला आहे. तुमच्या तेलात तिन्ही वर्षं बावन्न, पंचावन्न आणि चोपन्न आला. त्याऐवजी ऑसिमीन आणि लिनालूल हे हलके घटक भरपूर आहेत. एकदा आलं असतं तर चूक म्हटलं असतं, पण तीनदा तेच! माझे मार्गदर्शक सर म्हणाले की ही वेगळीच जात दिसते, नव्या जमिनीने गवताचा स्वभाव बदलला असावा. त्यावर मी लेख लिहिला आणि तो एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला आहे. मार्चमध्ये छापून येईल. शेवटी आभारात तुमचं नाव आहे, इंग्रजीत.

पायांच्या चिखल्यांवर तुमचं तेल लावतात, म्हणून ज्या बुरशीने चिखल्या होतात ती काचेच्या थाळीत वाढवून मध्ये तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली. टिकलीभोवती बुरशी मागे सरून जितकं मोठं मोकळं कडं पडतं तितकं तेल गुणी. तिथे मात्र कडं जेमतेम आलं. गावात गुण येतो तो कदाचित चोळण्याने येत असेल. तरी निराश होऊ नका, संशोधनात असं चालतंच.

जूनपर्यंत प्रबंध देऊन टाकीन. शिष्यवृत्तीही तिथपर्यंतच आहे. मामींना सांगा, लाखोळीची डाळ संपली.

तुमची माया अशीच राहो, आकडा काहीही येवो.

तुमची
रिता

---

गावठाण
ता. २ फेब्रुवारी २०२४

चि. रिता हीस नमस्कार आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. लेख छापून येतो आहे हे वाचून आनंद झाला. तुझी आई असती तर तिने गावभर साखर वाटली असती.

आकडा समजला. आनंदरावाचं नाक माझ्यापेक्षा खरं निघालं. गाव उठलं तेव्हा वाटलं होतं की आपण निदान एक वस्तू जशीच्या तशी उचलून आणली. ते काही झालं नाही. यात तुझा काय दोष? तू विचारलं तेच मशीनने सांगितलं.

भट्टी यापुढे लावायची नाही असं ठरवलं आहे. ज्याचा गुण गेला ते लोकांच्या पायाला लावायला देणं बरं नाही. भंडाऱ्याचे एक तांबट डेग पाहून गेले. तांबं जुनं आणि जाड आहे म्हणाले. येत्या दिवाळीनंतर, पैसे जुळले की, गाडी आणून नेतील. मी शब्द दिला आहे.

डाळ पाठवतो. अभ्यास नीट कर. आठवण असू दे.

तुलाराम

---

गावठाण
ता. २० फेब्रुवारी २०२४

चि. रितास कुंता मामीचे आशीर्वाद, पोटभर.

मी चौथी शिकलेली बाई, अक्षराले नाव ठेवू नको. हे पत्र तुह्या मामाले न सांगता लिहून राहिली. पोस्टात पन मीच टाकीन.

तुह्या मामाने त्या पत्रापासून बोलनं कमी केलं. ऐकू येत नाही ते येत नाही, आता बोलनंही बंद. तिखाडीच्या वावरात बकऱ्या शिरल्या तरी हाकलत नाही. मी म्हटलं, काहून बसले असे, तर म्हनते, त्या गवतात आता काय ठेवलं आहे. तुह्या मामाले असं मी गाव बुडालं तेव्हाच पाहिलं होतं. तेव्हा निदान ठोंब लावाचं काम होतं हाताले.

मले तुह्या मशीनचं काही समजत नाही बाई. पन एक गोष्ट माह्या डोक्यात बसत नाही. चिखल्यांवर गुण नाही असं तू लिहिलं. मग धानाच्या रोवन्यात माह्यासोबतच्या बाया वीस-वीस दिवस बांधीच्या चिखलात उभ्या राहतात, बोटांच्या बेचकीतून रक्त निघते, त्याइचे पाय कायनं बरे होतात? मी स्वतः दोन दिवस लावते अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरते. चोळत कोनी नाही, हात लावला तरी जीव जाते. नुसतं कापसाने टेकवतो. आम्ही लावतो ते मोठ्या कॅनमधलं, सगळ्याइचं. तुले पाठवते तसं भारी नाही. तुह्यासाठी तर मामा भट्टी लागली की पहिल्या पाव तासाची धार वेगळी धरून ठेवते, डेगीजवळून हालत नाही, बाटली भरली की हळद-कुंकू लावते. ते आम्हाले बोटालेही लावू देत नाही. एकदा मी चोरून लावलं होतं, खोटं कायले सांगू. नाकाले लई झोंबलं, पायाले काही फरक नाही पडला. भाचीचं चोरलं म्हनून देवाने गुन नाही दिला असं वाटलं मले.

तू एकदा येऊन तुह्या मामाची समजूत काढ. डेग गेली तर हा मानूस रिकामा होईल, त्याचंच भेव वाटते.

डाळ पोचली का ते कळव. माया पातळ होऊ देऊ नको.

तुही
मामी

---

नागपूर
ता. २७ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
हे पत्र वाचताना बसून घ्या, आणि मामींनाही जवळ बसवा. मामींवर रागावू नका, त्यांनी मला लिहिलं म्हणूनच माझी चूक मला कळली.

मामा, तुमचं तेल चांगलं आहे की वाईट, हे मला अजून माहीत नाही. मी ते तपासलेलंच नाही. तीन वर्षं मी फक्त पहिल्या पाव तासाची धार तपासत होते.

नळीचं मी सांगितलं होतं ना, हलकं आधी, जड मागून? तुमच्या डेगीतही साधारण तेच होतं. ऑसिमीन वगैरे वाफेवर स्वार होऊन आधी उतरतं, जिरॅनिऑल सावकाश मागून येतो. तुम्ही रोजची भट्टी चार तास चालवता. बाटलीत मला मिळालं ते पहिल्या पंधरा मिनिटांचं. म्हणून तीनदा तोच आकडा आला. मी त्याला वेगळी जात म्हटलं, तुमच्या जमिनीला नाव ठेवलं, आणि रोवणी करणाऱ्या बायांच्या पायांना गुण येतो तो चोळण्याने येत असेल असंही लिहून मोकळी झाले. हे शेवटचं आठवलं की मान वर होत नाही.

तुमची यात काही चूक नाही. चांगल्यातलं चांगलं भाचीला द्यायचं, हे तुम्ही मी जन्मल्यापासून करता. मीच तीन वर्षांत एकदाही भट्टीवर आले नाही. बसने अडीच-तीन तासांचं अंतर, पण पत्रात 'बाटली पाठवा' लिहिलं की झालं. लेखात मात्र लिहिलं की नमुना सर्व तेलाचं प्रतिनिधित्व करतो. हे वाक्य मी न विचारता लिहिलं.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी लेखाची प्रत समोर ओढली. मग म्हणाले की लेख छापून आला तरी कोणी गावात जाऊन पाहणार नाही, हे तुला माहीत आहे ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले की तर मग मागे घे. लेख मागे घेतला आहे. प्रबंधाचं ते प्रकरण गेलं, म्हणजे वर्ष गेलं. शिष्यवृत्ती जूनला संपेल, काहीतरी काम पाहीन. रडून झालं आहे, काळजी करू नका.

आता एक मागणं. त्या मोठ्या कॅनमधलं, सगळ्यांना देता ते तेल मला पाठवा. मी भाची आहे हे एकदा विसरून पाठवा. आणि डेग देऊ नका.

रागावला असाल तरी लिहा. तुमच्या पत्राशिवाय करमत नाही.

तुमची
रिता

---

गावठाण
ता. १५ मार्च २०२४

चि. रितास मामाचा पायी नमस्कार. आजचा नमस्कार जरा जास्त वाकून आहे.

पत्र तुझ्या मामीने वाचलं, मग मी वाचलं, मग पुन्हा तिने. तुझं वर्ष माझ्या हाताने गेलं. तू नाही म्हटलंस तरी ते तसंच आहे. चांगलं द्यायला गेलो आणि तुझं नुकसान केलं.

कॅनमधलं तेल पाठव म्हणतेस. चार दिवस बाटली घेऊन बसलो. हात होत नाही, पोरी. तुला कारण सांगतो. तुझी आई लग्न होऊन गेली तेव्हा आमच्या बापाजवळ द्यायला काही नव्हतं. त्या साली त्याने पहिल्या धारेची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाला की यापुढे दर वर्षी भट्टीचं पहिलं तेल लेकीचं, मग तिच्या लेकरांचं. बाप गेला, आई गेली, तुझी आई गेली. मी ते मोडलं नाही. सगळ्यांना वाटलेल्यातलं उरलंसुरलं तुझ्या नावाने बांधायचं म्हटलं की तुझी आई दारात उभी दिसते.

दुसरं असं की मन आता भ्यायलं आहे. समजा कॅनमधलं पाठवलं आणि आकडा पुन्हा पन्नासच आला, तर काय करू? तेव्हा पहिल्या धारेची सबब उरणार नाही.

तरी तुझं काम अडवून ठेवणार नाही. येत्या कार्तिकात एकदा भट्टी लावीन. तू ये, उभी राहा, तुझ्या हाताने पाहिजे तसं घे. डेगीचं मात्र तांबटाला कबूल केलं आहे, आणि मी दिलेला शब्द आजवर फिरवला नाही.

उन्हं वाढली, डोक्यावर ओढणी घेत जा. तुझी आठवण येते हे सरळच लिहितो.

तुझा
मामा

---

लाखांदूर
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. मामा आणि मामींस,
सप्रेम नमस्कार.

भट्टीवरून सुखरूप पोचले. इथल्या कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी चालू आहे. खोलीच्या खिडकीतून धानाच्या कापलेल्या बांध्या दिसतात. कपड्यांना अजून भट्टीचा वास आहे, धुवायचं मन होत नाही.

मामा, तिथे बोलता आलं नाही ते लिहिते.   तुम्ही नळीखाली बाटली न धरता सरळ कॅन ठेवला, पहिली धार त्यात पडली, आणि तुम्ही तोंड फिरवून चुलीतली लाकडं सारखी करत बसलात. ती लाकडं सारखीच होती. मामींनी माझा हात दाबला. चार तासांनी सगळं तेल एकत्र झालं, मी ते काठीने ढवळलं आणि मधून तीन बाटल्या भरल्या. तुमची परंपरा मी तुम्हाला तुमच्याच हाताने मोडायला लावली. माझ्यासाठी तुम्ही हे केलंत, हे मी विसरणार नाही.

तीनही बाटल्यांवर मी नाव न लिहिता नुसते क्रमांक टाकले आहेत. शनिवारी नागपूरला नेऊन देईन. तेल कोणाचं आणि कुठलं हे मशीनवरच्या मुलीलाही कळणार नाही.

आता खरं बोलते. आकडा पुन्हा कमी येऊ शकतो. गवत खरंच बदललं असू शकतं, नव्या जमिनीत पंधरा वर्षं कमी नाहीत. तसं झालं तर मी तसंच लिहीन, आणि तुम्हाला मी स्वतः कळवीन, गोड करून नाही. मागच्या वेळी मी हसत-खेळत लिहिलं आणि तुमचं काय झालं ते मला मामींकडून कळलं. या वेळी पाकिटात फक्त कागद असेल, माझा शहाणपणा नसेल.

तांबट कधी येणार आहेत ते कळवा. येऊ नयेत असं वाटतं, पण तुमच्या शब्दाच्या आड येत नाही.

प्रकृतीला जपा, दोघंही. माझ्यावरची ममता आहे तेवढी पुरे, वाढली तर ठेवायला खोली लहान आहे.

तुमची
रिता

---

गावठाण
ता. १२ डिसेंबर २०२४

चि. रितास मामाचा पायी नमस्कार.

तुझं पाकीट आज सकाळी पोस्टमनने दिलं. समोर पडलं आहे. अजून फोडलं नाही. आधी हे पत्र पुरं करतो, मग फोडीन, नाहीतर तुला वाटेल की मामाने आकडा पाहून ठरवलं.

तांबट परवा गाडी घेऊन आले. त्यांना चहा पाजला, मुरमुरे दिले आणि परत पाठवलं. म्हणाले की तुलारामजी, तुमच्यासारक्या मानसाने शब्द फिरवला तर कोनाचा भरवसा धराचा. त्यांचं खरं आहे. मी हात जोडले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा शब्द मोडला आणि रात्री झोप चांगली लागली, याची लाज वाटते पण लागली.

डेग का ठेवली ते ऐक. मी समजत होतो की गाव बुडालं त्यातून गवताचा गुण वाचवला म्हणजे सगळं वाचवलं, आणि तो गेला तर काही उरलं नाही. मग तू आलीस. वर्ष गमावलेली पोर, नोकरीतून सुटी काढून, चार तास धुरात उभी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हालली नाहीस. तुझ्यासारखाच माझा बाप उभा राहायचा. तुझ्या सरांनी सांगितलं होतं की कोणी पाहायला येणार नाही, तरी तू छापायला गेलेला लेख परत घेतला. कशासाठी, तर एका बहिऱ्या मामाच्या तेलाबद्दल खोटं छापून येऊ नये म्हणून. माझ्या बापाचं काय वाचलं आणि काय बुडालं याचा हिशेब मी चुकीच्या ठिकाणी करत होतो. ते गवतात शोधत होतो, आणि ते तुझ्यात होतं.

म्हणून आकडा पन्नास असो की पाच, पुढच्या कार्तिकात भट्टी लागेल. पहिली धार कॅनमध्येच जाईल. सवय होईल मला.

आता पाकीट फोडायचं धाडस करतो. आधी जेवून घेतो.

तुझा
तुलाराम मामा

ता. क. – मी मामी. तुहा मामा जेवनाआधी आंघोळीले गेला तोवर मी पाकीट फोडलं अन् कागद पाहिला. तीनही बाटल्याइत एक्क्याऐंशी. अन् चिखल्यांच्या बुरशीचं कडं मागच्यापेक्षा दुप्पट. दोनदा वाचलं, बोट ठेवून. पाकीट पुन्हा चिकटवून होतं तिथंच ठेवलं आहे. तुह्या मामाले त्याच्या हाताने फोडू दे. मी समोर बसून तोंड पाहीन.